चेहऱ्यावरच्या चपट्या चामखिळी: ओळख पटवण्यापासून शेवटचा दाणा जाईपर्यंत

कपाळावर, गालाच्या कडेला, हनुवटीखाली किंवा हाताच्या पाठीवर बारीक बारीक दाणे आले आहेत. रंग त्वचेसारखाच, जरासा तपकिरी. माथा सपाट. दुखत नाहीत, फारसे खाजत नाहीत, पण बघता बघता दोनाचे दहा झाले आणि दहाचे तीस. तुमचं असं काही चाललं असेल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. मी ठाण्यात राहते. आधी माझ्या कपाळावर आणि मग माझ्या मुलाच्या नडगीवर या चपट्या चामखिळी आल्या, आणि दोघांच्याही गेल्या. मधल्या काळात लोकांनी इतके सल्ले दिले की त्यातला कुठला ऐकायचा तेच कळेना. तो गोंधळ तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. चपटी चामखीळ आपण होऊन जाते तेव्हा सहसा मागे डाग ठेवत नाही. डाग राहतो तो खरवडल्याने, जाळल्याने आणि घाईघाईत केलेल्या उपचाराने. आपल्या गव्हाळ, सावळ्या त्वचेवर तर असा डाग कधी कधी चामखिळीपेक्षा जास्त दिवस मुक्काम करतो. म्हणून आधी नाव पक्कं करायचं, मग पसरणं थांबवायचं, मग सौम्य उपचार, आणि तेवढ्याने भागलं नाही तरच जोराचा.

१. आधी नाव पक्कं करा

चामखीळ हा विषाणूचा संसर्ग आहे. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, याचे २०० च्या वर प्रकार आहेत आणि त्यातले मुख्यतः ३ आणि १० क्रमांकाचे प्रकार या चपट्या चामखिळी आणतात. साधी चामखीळ खरखरीत, उंच, फुलकोबीसारखी असते. चपटी तशी नसते. ती १ ते ५ मिलिमीटरची, गुळगुळीत, जेमतेम वर आलेली. एकटीदुकटी क्वचितच येते. लहान मुलं, कॉलेजातली मुलं-मुली आणि तरुण बायका यांच्यात ती जास्त दिसते.

घरच्या घरी बघायची पद्धत सांगते. समोरून पडणाऱ्या उजेडात हे दाणे दिसतच नाहीत. खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च कानाजवळ धरा आणि उजेड कपाळावरून आडवा जाऊ द्या. प्रत्येक दाण्याची एका बाजूला बारीक सावली पडते. मी पहिल्यांदा असं पाहिलं तेव्हा नुसत्या डोळ्यांना दिसत होते त्याच्या कितीतरी पट जास्त दाणे दिसले, आणि उजव्या भुवईच्या वर त्यांची चक्क एक ओळ होती. ही ओळ मोठी खूण आहे. नखाचा ओरखडा, रेझरचा फटका, थ्रेडिंगचा दोरा जिथून गेला तिथे विषाणू पेरला जातो आणि त्या रेषेवर नवे दाणे उगवतात.

तरीही डॉक्टरांच्या तोंडून नाव ऐकल्याशिवाय उपचार सुरू करू नका, कारण चेहऱ्यावर याच्यासारखं दिसणारं बरंच काही असतं:

- आई-मावशीच्या गालांवर, डोळ्यांच्या आजूबाजूला असतात ते काळपट बारीक मस. ते घराण्यात चालत येतात, लागण होऊन येत नाहीत.
- डोळ्यांखाली दोन्ही बाजूंना सारखेच येणारे दाणे. हे घामाच्या ग्रंथींचे असतात आणि कोणत्याही चामखिळीच्या औषधाने जात नाहीत.
- मुरमांच्या आधीच्या, बंद तोंडाच्या पुटकुळ्या.
- मोलस्कम. मुलांमध्ये फार दिसतो. दाणा मोत्यासारखा चकचकीत आणि मधोमध खळगा.
- लायकेन प्लॅनस. जांभळट, खूप खाजणारे सपाट चट्टे, बहुतेकदा मनगटावर.
- मानेवर, काखेत लोंबणारे मऊ मस.

त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप नावाची भिंगासारखी छोटी यंत्रणा दाण्यावर ठेवून पाहतात. चपट्या चामखिळीत फिकट तपकिरी किंवा पिवळसर जमिनीवर बारीक लाल ठिपके दिसतात. बहुतेकांना एवढं पुरतं. शंका राहिली तरच त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात.

एचपीव्ही हे नाव कानावर पडलं की बायकांच्या छातीत धस्स होतं, कारण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी ते जोडलेलं आहे. तो विषाणू याच कुळातला असला तरी त्याचे प्रकार वेगळे आहेत, मुख्यतः १६ आणि १८. चेहऱ्यावरच्या चपट्या चामखिळीमुळे तुम्हाला तो कर्करोग होणार नाही. त्या कर्करोगाविरुद्धची लस जरूर घ्यावी, पण ती ३ आणि १० या प्रकारांसाठी बनवलेली नाही, त्यामुळे चामखिळी जाव्यात म्हणून ती घेऊ नका. जननेंद्रियावर काही उगवलं असेल तर मात्र तो संपूर्ण वेगळा विषय आहे. तिथे या लेखातलं काहीही लावून न पाहता थेट डॉक्टरांकडे जा.

२. पसरणं आजच थांबवा

डॉक्टरांची वेळ चार दिवसांनी मिळू दे, ही पायरी आजच सुरू करायची. निम्मा उपचार इथेच होतो.

थ्रेडिंग बंद. कपाळ, भुवया, ओठाच्या वर, कुठेही दाणे असतील तर तिथे दोरा नको. दोरा त्वचेवरून घासत जातो, दाण्याचा माथा सोलतो आणि तोच दोरा पुढच्या सेंटिमीटरवर फिरतो. भुवयांचे वाढलेले केस छोट्या कात्रीने कापा, किंवा दाण्यांपासून लांबचे असतील तर स्वतःच्या चिमट्याने काढा. वॅक्सिंग, ब्लीच, फेशियल, स्क्रब, डर्मारोलर, सगळं थांबवा. पार्लरवाली ताई म्हणेल, "अगं, डेड स्किन आहे, एका क्लीनअपमध्ये निघेल." तिला स्पष्ट सांगा की ही लागण आहे. तिच्या पुढच्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीनेही ते बरं.

दाढी करणाऱ्यांनी सगळ्यात जास्त जपायला हवं. गालावर, गळ्यावर दाणे असतील तर काही आठवडे दाढी वाढू द्यावी, ते शक्य नसेल तर ट्रिमर त्वचेला न टेकवता वर धरून चालवावा. पोलिसात, सिक्युरिटीत, बँकेत काम करणाऱ्यांना रोज गुळगुळीत दाढी लागते. त्यांनी रोज नवं ब्लेड वापरावं, केसांच्या दिशेनेच फिरवावं आणि दाण्यांचा भाग शेवटी करावा. सलूनमध्ये ब्लेड आपल्यासमोर बदलून घ्यावं आणि तुरटीचा दगड चेहऱ्यावर फिरवू देऊ नये. तो दिवसभर सगळ्यांच्याच गालावरून फिरत असतो.

टॉवेल, नॅपकिन, रेझर, अंगघासणी प्रत्येकाची वेगळी. तोंड पुसताना घासायचं नाही, टिपायचं. नखं बारीक कापलेली. आणि दिवाळी जवळ आली असेल तर अभ्यंगस्नानाचं उटणं चेहऱ्यावर आणि दाणे असलेल्या हातापायांवर घासू नका. बाकीच्या अंगाला खुशाल लावा. घरात लग्न असेल तर हळदीच्या दिवशीही हेच. नात्यातल्या बायका प्रेमाने गाल चोळतात, त्यांना आधीच सांगून ठेवा की नुसतं बोट टेकवा.

ऑफिसातल्या मैत्रिणींनी मला विचारलं होतं की ट्रेनमधली कडी धरून हे लागतं का. अखंड, कोरड्या त्वचेला अशा ओझरत्या स्पर्शाने लागण होण्याची शक्यता कमीच असते. जखम, ओरखडा, सोललेली जागा असेल तर विषाणू आत शिरतो, आणि शिरल्यावर दाणा दिसायला काही आठवडे ते कित्येक महिने जातात. त्यामुळे आपल्याला कोणाकडून लागलं याचा शोध घेण्यात अर्थ नाही.

३. डॉक्टर कसा निवडायचा, कुठे जायचं

ठाण्यात राम मारुती रोडपासून घोडबंदरपर्यंत आणि पलीकडे वाशी, खारघरमध्ये "स्किन क्लिनिक" अशा पाट्या पावलोपावली दिसतात. त्यातल्या सगळ्यांच्या मागे त्वचारोगतज्ज्ञ असतोच असं नाही. पाटीवर डॉक्टरांच्या नावापुढे त्वचारोगातली एमडी, डीएनबी, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल यांपैकी पदवी आहे का ते पाहा. नुसतं "कॉस्मेटॉलॉजिस्ट" किंवा "एस्थेटिक एक्स्पर्ट" लिहिलं असेल तर नम्रपणे पदवी विचारा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचा क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असतो. तो नसेल तर दुसरीकडे जा.

खाजगी फी परवडत नसेल किंवा दुसरं मत हवं असेल तर कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, त्याला राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे. नवी मुंबईकरांसाठी नेरूळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. अशा ठिकाणी त्वचा विभागाची ओपीडी असते. वार आणि वेळ बदलतात, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा. केस पेपर काढण्याची रांग सकाळी लवकर लागते, तेव्हा अर्धा दिवस हाताशी ठेवूनच जा. शिकाऊ डॉक्टर आधी तपासतात आणि मग मोठ्या डॉक्टरांना दाखवतात, त्यामुळे एकाच भेटीत दोन जोडी डोळ्यांखालून जाणं होतं. मला हा फायदाच वाटतो.

पहिल्याच भेटीत, नीट तपासण्याआधी कोणी लेझरच्या सहा बैठकांचं पॅकेज पुढे केलं तर "विचार करून सांगते" म्हणून उठा. चपट्या चामखिळीत अशी तातडी नसते.

४. जाताना बरोबर काय न्यायचं

- आधार कार्ड, आणि सरकारी रुग्णालयात आधी गेला असाल तर जुना केस पेपर.
- आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब. नाव आठवत नसेल तर रिकामी ट्यूबही चालेल. डॉक्टरांना सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतो.
- चालू असलेल्या गोळ्यांची यादी. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, मोठ्या काळाचं स्टेरॉइड, मधुमेह, एचआयव्ही यांपैकी काही असेल तर ते न लपवता सांगा. प्रतिकारशक्ती कमी असताना चामखिळी खूप येतात आणि चिवट असतात, मग उपचाराची आखणीच बदलते.
- फोटो. खिडकीजवळ, त्याच वेळी, त्याच अंतरावरून, शेजारी छोटी पट्टी धरून. दर महिन्याला एकदा. रोज आरशात बघून फरक कळत नाही, महिन्याच्या दोन फोटोंत कळतो.
- बायकांनी पाळीची शेवटची तारीख. का ते पुढे येतं.

चेहऱ्यावर मेकअप, सनस्क्रीन, काहीही न लावता जा. मेडिक्लेमवर फार विसंबू नका. बऱ्याच पॉलिसींत ओपीडीचा खर्च बसत नाही, आणि दिसण्यासाठी केलेला उपचार म्हणून नाकारलाही जातो. बिलं मात्र जपून ठेवा.

५. उपचार कोणते, आणि डॉक्टरांना काय विचारायचं

काहीच न करणं. हा खराखुरा पर्याय आहे. सगळ्या प्रकारच्या चामखिळींत आपण होऊन जाण्याचं प्रमाण चपट्या चामखिळीत सगळ्यात जास्त मानतात. शरीराला विषाणू ओळखू आला की त्या विरतात, काहींच्या महिन्यांत, काहींच्या दोन-तीन वर्षांत. मुलांच्या बाबतीत तर पुष्कळ डॉक्टर हेच सुचवतात. माझ्या मुलाला आम्ही काहीही लावलं नाही, फक्त दुसरी पायरी काटेकोर पाळली.

रात्रीचं क्रीम. ट्रेटिनॉइन, साधारण ०.०२५ किंवा ०.०५ टक्के, नाहीतर अॅडापॅलीन ०.१ टक्का. ही व्हिटॅमिन ए च्या कुळातली, मुरमांसाठीही वापरतात ती औषधं. त्वचेचा वरचा थर लवकर झडतो आणि दाणे हळूहळू सपाट होतात. चेहऱ्यासाठी बहुतेकदा सुरुवात इथूनच होते. माझीही इथूनच झाली. वेळ लागतो, महिने लागतात, पण नीट वापरलं तर डाग पडण्याची भीती कमी.

इमिक्विमॉड ५ टक्के. छोट्या पुड्यांत मिळतं. हे विषाणूला मारत नाही, त्या जागी आपली प्रतिकारशक्ती जागी करतं. त्यामुळे लाली आणि सोलवटणं येतं, आणि कधी कधी त्या जागी फिकट डाग राहतो. ५-फ्लुओरोयुरासिल त्याहून तिखट. दोन्ही डॉक्टरांच्या नजरेखालीच.

क्रायोथेरपी. उणे १९६ अंश सेल्सिअसचा द्रव नायट्रोजन दाण्यावर फवारतात किंवा कापसाने टेकवतात. दाणा गोठतो, फोड येऊन खपली पडते. बैठका दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने होतात. जोरात गोठवलं तर त्वचेचा रंग बनवणाऱ्या पेशीही मरतात आणि पांढरट ठिपका राहतो, जो सावळ्या चेहऱ्यावर लांबून दिसतो. म्हणून "हलका हात ठेवाल ना?" हे विचारायला संकोचू नका.

कॉटरी, रेडिओफ्रीक्वेन्सी, कार्बन डायऑक्साइड लेझर. बधिर करणारं क्रीम लावून दाणे जाळतात. एका बैठकीत चेहरा साफ दिसतो, म्हणून सगळ्यांना हेच हवं असतं. पण आसपासच्या दिसायला चांगल्या त्वचेत विषाणू असतोच, त्यामुळे नवे दाणे येऊ शकतात, आणि जळलेल्या जागी काळे डाग पडून ते फिकट व्हायला महिने लागतात. तीस-चाळीस दाणे म्हणजे तीस-चाळीस छोट्या जखमा. गालावर थोडेच, हट्टी दाणे उरले असतील तर ठीक. सबंध कपाळ एकदम जाळून घेण्याच्या मी विरुद्ध आहे.

याशिवाय चामखिळी फार असतील तर काही डॉक्टर एखाद्या दाण्यात एमएमआर लस किंवा व्हिटॅमिन डी३ टोचून प्रतिकारशक्तीला चालना देतात, काही झिंकच्या गोळ्या देतात, आणि अगदी चिवट असतील तर तोंडावाटे आयसोट्रेटिनॉइन. ते शेवटचं औषध गरोदरपणात बाळाला गंभीर व्यंग आणू शकतं. ट्रेटिनॉइन आणि फ्लुओरोयुरासिलही गरोदरपणात किंवा मूल होऊ देण्याचा विचार असताना वापरत नाहीत. पाळीची तारीख न्यायला सांगितली ती याचसाठी.

डॉक्टरांना चार गोष्टी विचारून चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या: क्रीम फक्त दाण्यावर की सबंध भागावर, किती रात्रींनी, जळजळ किती झाली तर थांबायचं, आणि पुन्हा कधी दाखवायचं.

लग्न, साखरपुडा, मुलाखत तोंडावर असेल तर ती तारीख डॉक्टरांना आधी सांगा. त्याच्या ऐन आधीच्या आठवड्यांत जाळणं-गोठवणं नको. सपाट दाणे मेकअपखाली झाकतात, खपल्या झाकत नाहीत.

६. रात्रीचं क्रीम लावायचं कसं

क्रीम सोडून देणारे बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सोडतात, चेहरा सोलवटल्यामुळे. म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

रात्री साध्या फेसवॉशने तोंड धुवा, टिपून घ्या आणि वीस मिनिटं ते अर्धा तास थांबा. ओल्या त्वचेवर हे औषध जास्त झोंबतं. मी तोपर्यंत दुसऱ्या दिवशीची भाजी निवडून ठेवायचे. मग मटाराच्या दाण्याएवढं क्रीम बोटावर घ्या. सबंध कपाळाला तेवढं पुरतं. पाच ठिकाणी टिपके लावून पसरवा, चोळू नका. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या खाचा आणि ओठांच्या कडा सोडून. हात धुवा. दहा-पंधरा मिनिटांनी वर साधं मॉइश्चरायझर.

पहिले दोन आठवडे एक रात्र सोडून एक. त्वचा सोसते असं दिसलं की रोज. लाली, कोरडेपणा, बारीक पापुद्रे येणारच. ते उपटायचे नाहीत. पाण्याने झोंबू लागलं, चेहरा सुजला किंवा पाणी सुटलं तर दोन-तीन रात्री थांबून डॉक्टरांना फोन करा. लवकर जावं म्हणून जास्त क्रीम थापल्याने दाणे लवकर जात नाहीत, चेहरा मात्र भाजतो आणि भाजलेल्या जागी काळं पडतं.

सकाळी एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तचं सनस्क्रीन. हे ऐच्छिक नाही. आपल्याकडच्या दमट हवेत जाड क्रीम घामाबरोबर वाहून जातं, म्हणून जेल स्वरूपातलं घ्या, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा लावा. पावसाळ्यातही. सकाळच्या वेळी ठाणे-पनवेल गाडीच्या खिडकीशी बसून बेलापूरपर्यंत जाणाऱ्यांना एका गालावर किती ऊन बसतं ते मी रोज बघते.

हे क्रीम चालू असताना वॅक्सिंग केलं तर केसांबरोबर कातडीही निघते. मुरमांची बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा सॅलिसिलिक ॲसिडची क्रीम त्याच रात्री वर लावू नका.

७. हे सापळे टाळा

केमिस्टची ट्यूब. "ताई, हे लावा, चार दिवसांत चेहरा क्लीन," असं म्हणत आमच्या भागातल्या एका दुकानदाराने ट्यूब पुढे केली. मी चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं. क्लोबेटासॉल, त्यात एक बुरशीचं औषध आणि एक अँटिबायोटिक. ट्यूब मी काउंटरवर तशीच परत ठेवली. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही स्टेरॉइडची नावं पाठ करून ठेवा. स्टेरॉइड त्या जागची प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणजे विषाणूला मोकळं रान. शिवाय चेहऱ्याची त्वचा पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, मुरमं आणि लव वाढते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला मनाई करणाऱ्या शेड्यूल एच मध्ये आणल्या. तरीही त्या हातात पडतात, म्हणून वाचण्याची जबाबदारी आपलीच.

यातला एक पेच फसवा आहे. वांगासाठी मिळणाऱ्या तिहेरी क्रीममध्ये हायड्रोक्विनोन आणि स्टेरॉइडबरोबर ट्रेटिनॉइनही असतं. "डॉक्टरांनी सांगितलेलंच औषध आहे की यात" असं म्हणून ती लावणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. चिठ्ठीवर नुसतं ट्रेटिनॉइन असेल तर नुसतं ट्रेटिनॉइनच घ्या.

बिब्बा, चुना-सोडा, रुईचा चीक, लसूण. गावाकडून फोन येतो आणि यातलं काहीतरी सुचवलं जातं. बिब्ब्याच्या तेलाने चेहऱ्यावर फोड येतात, सूज डोळ्यांपर्यंत जाते, आणि डाग वर्षानुवर्षं राहतो. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. चुना आणि धुण्याचा सोडा त्वचा सरळ जाळतात. आजीचा जीव तुटतो म्हणूनच ती सांगते, तिला तोडून बोलू नका, पण लावू नका. या चामखिळी पुष्कळदा आपण होऊन जात असल्यामुळे प्रत्येक उपायाला "मला गुण आला" म्हणणारा साक्षीदार मिळतोच.

कुरूपाची पट्टी. तळपायाच्या कुरूपासाठी मिळणारी सॅलिसिलिक ॲसिडची पट्टी किंवा द्रव जाड कातडीसाठी असतं. चेहऱ्यावर ते लावलं तर खोल जखम होते.

ॲपल सायडर व्हिनेगर कापसात भिजवून रात्रभर बांधणं यालाही हेच लागू.

८. मुलांना झालं असेल तर

मुलांच्या नडग्या, गुडघे, हातांची पाठ आणि गाल ही नेहमीची ठिकाणं. मैदानात पडणं, खरचटणं, डासांच्या चाव्यावर नखं चालवणं यातून ओळी उमटतात. मुलाला चिडवलं जात असेल तर वर्गशिक्षकांना भेटून सांगा की हा आजार साधा आहे आणि शाळा बुडवण्याची काही गरज नाही. खेळायला जाताना पूर्ण लांबीची ट्रॅक पँट घाला म्हणजे खरचटणं आणि टोमणे दोन्ही कमी. मच्छरदाणी लावा. मुलाला दररोज "दाखव, दाखव" करून मोजत बसू नका. तोही मग रात्री अंथरुणात बोटाने चाचपत बसतो आणि नख लागतं.

खूप लहानपणापासून, अंगभर, पांढरट चट्ट्यांसारखे सपाट दाणे असतील आणि घरात आणखी कोणाला तसंच असेल तर मात्र वाट न पाहता तज्ज्ञांना दाखवा. त्यामागे एक दुर्मीळ आनुवंशिक कारण असू शकतं आणि अशांना उन्हापासून आयुष्यभर जपावं लागतं.

९. जाण्याची वेळ कशी ओळखायची, आणि परत कधी जायचं

महिनोन्महिने शांत असलेले दाणे अचानक, एकाच वेळी लाल झाले, फुगले, खाजू लागले तर औषध बिघडलं असं वाटतं. पुष्कळदा हेच त्यांच्या जाण्याचं लक्षण असतं. शरीराने विषाणू ओळखलेला असतो. मुलाच्या नडगीवर नेमकं हेच झालं, सगळी ओळ जणू पुरळ उठल्यासारखी लालेलाल झाली, आणि पुढच्या काही आठवड्यांत पाय साफ झाला. अशा वेळी फोटो काढा, डॉक्टरांना दाखवा, खाज सहन होत नसेल तर थंड पाण्याची घडी ठेवा, आणि मनाने कुठलंही क्रीम लावू नका.

क्रीम नीट लावूनही साधारण तीन महिन्यांत फोटोत काहीच फरक दिसत नसेल तर पुन्हा जा आणि पुढच्या पायरीबद्दल बोला. एखादा दाणा बाकीच्यांपेक्षा वेगळा वाढतोय, त्यातून रक्त येतंय, रंग काळा-निळा होतोय, किंवा जखम भरत नाही, असं दिसलं तर तीन महिने थांबायचं नाही. पापणीच्या कडेवर दाणा आला असेल तर नेत्रतज्ज्ञांनाही दाखवा.

सगळे दाणे गेल्यावर क्रीम एकदम टाकून देऊ नका, किती दिवस आणि कसं कमी करायचं ते डॉक्टर सांगतील. थ्रेडिंग पुन्हा सुरू करण्याआधी काही आठवडे आडव्या टॉर्चने कपाळ बघत राहा. जुनं रेझर, जुनी अंगघासणी आणि उपचाराच्या काळात वापरलेले मेकअपचे स्पंज फेकून द्या. पार्लरला जाल तेव्हा स्वतःचा दोरा बरोबर न्या. वाण्याकडे रीळ मिळतं, आणि ताईला तो वापरायला काही अडचण नसते.